रोग पिकाचा की जमिनीचा?

केळीच्या बागेत एखादे झाड अकाली पिवळे पडू लागले, त्याची पाने देठाशी मोडून खोडाभोवती लोंबू लागली आणि खोड चिरून पाहता आत तांबूस रेषा दिसल्या, म्हणजे बागाईतदारापुढे दोन प्रश्न उभे राहतात. दोष लावलेल्या वाणाचा, की ज्या मातीत तो लावला त्या मातीचा? पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असेल तर वाण बदलला पाहिजे. दुसऱ्याचे असेल तर वाण बदलूनही फारसे साधणार नाही. वसईसारख्या भागात, जेथे केळी, पानवेल, भाजीपाला व फुले यांवर कित्येक पिढ्यांचा संसार चालला, तेथे हा प्रश्न केवळ शास्त्रज्ञांचा राहत नाही. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटिअरात वसईच्या केळ्यांची बसराई, मुठेळी, तांबडी, राजेळी, लोखंडी अशी नावे ओळीने दिलेली आढळतात. एका तालुक्यात केळीचे इतके प्रकार नांदत होते याला केवळ जिभेची आवड कारण नसावे. एकावर संकट आले तर दुसरा प्रकार हाताशी राहतो, हे व्यवहारज्ञानही त्यात होते.

याच प्रश्नासाठी आपले सारे आयुष्य वेचणारा एक शास्त्रज्ञ विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भारतात होऊन गेला. सर अल्बर्ट हॉवर्ड हे त्याचे नाव. सेंद्रिय शेतीचा आद्य प्रवर्तक म्हणून जगभर त्याचे नाव घेतले जाते, आणि इंदूर पद्धतीच्या कंपोस्ट खतामुळे ते महाराष्ट्रातील जुन्या शेतकी पुस्तकांतही येऊन गेले आहे. परंतु त्याच्या विचारांचा प्रवास कोठून सुरू झाला व कोठे पोचला, हे सहसा सांगितले जात नाही. त्याचे भक्त त्याला ऋषी बनवतात, तर त्याचे टीकाकार त्याला हेकट म्हणून सोडून देतात. दोहोंनीही त्याच्या आयुष्याचा खरा बोध हातचा घालवला आहे, असे म्हणावे लागते.

प्रयोगशाळेतील संन्यासी

हॉवर्डचा जन्म ८ डिसेंबर १८७३ रोजी इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. केंब्रिज येथे निसर्गविज्ञानाचे शिक्षण पुरे करून १८९९ साली तो वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस बेटावर कवकशास्त्रज्ञ म्हणून गेला. उसावर व कोकोवर पडणाऱ्या बुरशींचा अभ्यास करणे हे त्याचे काम होते. बुरशी वेगळी काढावी, तिचे चित्र काढावे, नाव द्यावे आणि मळेवाल्यांना सल्ला द्यावा, असा तो क्रम होता. पण स्वतःच्या सल्ल्याची परीक्षा घेण्यासाठी त्याच्याकडे वीतभरही जमीन नव्हती. स्वतः ऊस न लावणाऱ्याने उसाच्या रोगावर उपाय सांगावा यातली विसंगती त्याला तेथेच बोचू लागली. या अस्वस्थतेने पुढे त्याचा पिच्छा कधीच सोडला नाही.

१९०३ साली तो इंग्लंडमधील वाय येथील शेतकी महाविद्यालयात आला. केंट परगण्यात बीअरसाठी लागणाऱ्या हॉप या वेलीची लागवड होत असे. बागाईतदार नरवेली उपटून टाकीत व फक्त मादीवेली ठेवीत. परागीभवन झालेली हॉपची फळे कीड व भुरी यांना अधिक चांगले तोंड देतात, असे हॉवर्डला दिसून आले. नरवेली परत लावा, एवढाच त्याचा सल्ला होता. निसर्गाच्या क्रमात माणसाने केलेली मोडतोड रोगाला वाट करून देते, या त्याच्या पुढील सिद्धांताचे बीज या छोट्या अनुभवात होते.

मेंडेलचा वारसा

१९०५ हे वर्ष दोन कारणांनी महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी बिहारातील पुसा येथे स्थापन झालेल्या शेतकी संशोधन संस्थेत हॉवर्ड वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाला. त्याच वर्षी केंब्रिजमध्ये रोलंड बिफेन याने गव्हाच्या पिवळ्या तांबेऱ्यावरील आपले प्रसिद्ध निष्कर्ष मांडले. तांबेऱ्याला बळी पडणारा गहू व न पडणारा गहू यांचा संकर करून बिफेनने दुसऱ्या पिढीतील रोपे मोजली. सुमारे तीन रोपे रोगी तर एक निरोगी, असे प्रमाण निघाले. मेंडेलने वाटाण्यात पाहिलेला नियमच येथे लागू होत होता. उंची किंवा दाण्याचा रंग जसा आईबापांकडून येतो, तशीच रोगाला तोंड देण्याची शक्तीही वारशाने येते, आणि म्हणून ती एका वाणातून काढून दुसऱ्यात घालता येते. पीकरोगांच्या इतिहासातील ही मोठी क्रांती होती. तोवर रोग म्हणजे दैवाचा फेरा. आता तो बियाण्याच्या निवडीचा प्रश्न झाला.

ही शक्ती म्हणजे नेमके काय, हे थोडे समजून घेतले पाहिजे. तांबेऱ्याचा बीजाणू वाऱ्यावर तरंगत येऊन गव्हाच्या पानावर पडतो. पानावरील दवात तो रुजतो, पर्णरंध्रातून आत शिरतो आणि पेशींत शोषके घुसवून अन्न ओढू लागतो. ही बुरशी केवळ जिवंत पेशींवर जगते. मेलेल्या पेशीतून तिला काही मिळत नाही. प्रतिकारक्षम वाणाला या घुसखोराची ओळख पटते आणि प्रवेशाच्या जागेभोवतीच्या मूठभर पेशी स्वतः मरून जातात. चोर ज्या खोलीत शिरला तीच खोली पेटवून द्यावी, तसा हा प्रकार आहे. बुरशी तेथेच उपाशी मरते व पानावर केवळ एक बारीक ठिपका उरतो. ही ओळख पटवण्याचे सामर्थ्य जनुकांत असते, आणि म्हणूनच ते बियाण्याबरोबर येते.

हॉवर्डने पुसा येथे हेच काम हाती घेतले. या कामात त्याला बरोबरीची सोबत मिळाली ती त्याची पत्नी गॅब्रिएल हिची. केंब्रिजमध्ये ब्लॅकमनसमवेत पानांतील प्रकाशसंश्लेषणावर तिने केलेले संशोधन आजही विज्ञानाच्या इतिहासात नोंदले जाते. १९१३ साली ती पुसा येथे अधिकृतपणे दुसरी वनस्पतिशास्त्रज्ञ झाली. या दांपत्याने हिंदुस्थानातील गव्हाचे असंख्य प्रकार गोळा केले, त्यांची वर्गवारी केली आणि १९०९ साली गव्हावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. निवडीतून व संकरातून त्यांनी काढलेले पुसा ४ व पुसा १२ हे वाण पुढे उत्तर भारतात लाखो एकरांवर पसरले. या कामात अब्दुर रहमान खान यांच्यासारखे हिंदी सहकारी होते, व काही शोधनिबंधांवर त्यांची नावेही आली. परंतु शेकडो मजूर, मुकादम व मदतनीस यांची नावे कोठेच नाहीत. वसाहतीच्या काळातील विज्ञानाचे श्रेय कसे वाटले गेले, याचे हे एक उदाहरणच आहे.

निळीचा धडा

हॉवर्ड येथेच थांबला असता तर एक यशस्वी बीजसंशोधक म्हणून त्याचे नाव राहिले असते. पण पुशाच्या आसपासच्या शेतांनी त्याला विचारात पाडले. तेथील शेतकऱ्यांकडे औषधे नव्हती, फवारणीची यंत्रे नव्हती, कवकशास्त्रज्ञही नव्हते. तरीही त्यांची पिके बहुतांशी निरोगी होती. हॉवर्डने सुमारे ७५ एकर जमीन मागून घेतली आणि त्या शेतकऱ्यांप्रमाणे शेती करून पाहावयाचे ठरवले. खेड्यातील शेतकरी, कीड आणि बुरशी यांनाच त्याने आपले गुरू मानले. साम्राज्याच्या नोकरीतील अधिकाऱ्याने असे म्हणावे यालाही त्या काळी धैर्य लागत होते.

निळीच्या रोगाने त्याच्या विचाराला नवे वळण दिले. बिहारातील निळीचे मळेवाले त्या काळी जावा निळीची लागवड करीत. हे पीक मरगळून वाळू लागले तेव्हा सर्वांनी रोगजंतूचा शोध आरंभला. हॉवर्ड दांपत्याने मुळे खणून काढली. कोणतीही बुरशी किंवा कीड त्या रोगाचे मूळ कारण नव्हती. पावसाळ्यात पाणी साचून जमिनीतील हवा कोंडली जात होती. बारीक मुळे व त्यांवरील गाठी कुजत होत्या आणि झाड उपासमारीने मरत होते. उपाय होता तो पाण्याचा निचरा व मुळांना हवा हा. रोगाचे नाव पिकावर होते, पण अपराध जमिनीकडे होता. क्वेट्टा येथील फळबागांतही त्याला असेच दिसले. जमिनीची मशागत व पाणी यांत बदल केला की पीचवरील मावा कमीजास्त होई.

या अनुभवांतून हॉवर्डच्या मनात एक सिद्धांत आकार घेऊ लागला. रोग हा शत्रू नसून परीक्षक आहे. जेथे पीक त्या जमिनीला मानवत नाही किंवा जमीन भुकेली आहे, तेथेच तो येतो. तेव्हा परीक्षकाला ठार मारण्यात शहाणपण नाही. नापास होण्याचे कारण दूर केले पाहिजे. त्याने पाळलेले बैल शेजारच्या गोठ्यातील लाळ्या-खुरकताने आजारी असलेल्या जनावरांच्या नाकाला नाक घासूनही आजारी पडले नाहीत, अशीही नोंद त्याने केली आहे. चांगल्या जमिनीवरील चाऱ्याचा हा प्रताप आहे, असे त्याचे मत होते.

इंदूरचे खड्डे

पुसा येथे गहू पाहणारा एक, बुरशी पाहणारा दुसरा, कीड पाहणारा तिसरा आणि माती पाहणारा चौथा, अशी विभागणी होती. झाड मात्र एकच असते. हॉवर्डला ही विभागणी मानवेना. आपली स्वतंत्र संस्था असावी, या इच्छेला होळकरांच्या इंदूर संस्थानात जागा मिळाली. मुंबईत कचेरी असलेल्या मध्यवर्ती कापूस समितीचे अनुदान व मध्य हिंदुस्थानातील संस्थानांचे साहाय्य यांच्या आधारे १९२४ साली सुमारे ३०० एकर काळ्या जमिनीवर वनस्पती-उद्योग संस्था उभी राहिली. काम कापसाचे होते. परंतु हॉवर्डने कापसाआधी जमीन हाती घेतली. काळी जमीन पावसाळ्यात चिकट होऊन श्वास कोंडते व उन्हाळ्यात भेगाळते. तिला सेंद्रिय पदार्थ हवेत, पण शेतकऱ्याचे शेण चुलीत जाते. मग खत आणावयाचे कोठून?

उत्तर शेतातच होते. कापसाच्या पऱ्हाट्या, गवत, पाने, तण, उसाची पाचटे असा सर्व केरकचरा थरांनी उथळ खड्ड्यात घालावा. त्यावर शेण, गोमूत्र मुरलेली गोठ्यातील माती व राख यांचा थर द्यावा. ओल राखावी आणि ठरावीक अंतराने तीनदा खालीवर करावा. सुमारे तीन महिन्यांत काळेभोर, सुटे, वास नसलेले खत तयार होते. चीनमधील शेतकरी हजारो वर्षे असेच खत करीत आले, हे अमेरिकन शास्त्रज्ञ किंग याच्या १९११ च्या ग्रंथातून हॉवर्डला कळले होते. त्याला शास्त्रीय शिस्त देण्याचे काम इंदुरात झाले. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या या विषयावरील पुस्तकावर हॉवर्डच्या जोडीला यशवंत वाड यांचे नाव आहे, हे मराठी वाचकाने आवर्जून लक्षात ठेवावे. रसायनशास्त्रज्ञ असलेल्या वाडांचा इंदूर पद्धतीत बरोबरीचा वाटा होता. शहरातील मैला व केरकचरा यांवर ही पद्धत चालवण्याच्या प्रयोगांतही वाड होते. पुढे १९३५ साली गांधीजींनी या संस्थेतील काम पाहिले आणि खेड्यांच्या सफाईच्या कार्यक्रमात कंपोस्ट खताला स्थान मिळाले.

१९३० साली गॅब्रिएलचा मृत्यू झाला. पंचवीस वर्षांचे सहजीवन व सहसंशोधन संपले. १९३१ साली हॉवर्डने हिंदुस्थान सोडला. गॅब्रिएलची बहीण लुईस हिच्याशी त्याने नंतर विवाह केला. तिनेच पुढे १९५३ साली त्याच्या भारतातील कार्यावर ग्रंथ लिहिला. १९३४ साली त्याला सर हा किताब मिळाला व १९४० साली त्याचा सर्वांत गाजलेला ग्रंथ, 'ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टमेंट', प्रसिद्ध झाला. रासायनिक खतांवरील व तुकड्या-तुकड्यांच्या संशोधनावरील त्याचा हल्ला इतका तिखट होता की इंग्लंडमधील शेतकी शास्त्रज्ञांशी त्याचे कायमचे वाकडे आले. २० ऑक्टोबर १९४७ रोजी त्याचे निधन झाले.

चूक कोठे झाली?

आयुष्याच्या उत्तरार्धात हॉवर्ड एका टोकाला गेला, हे मान्य केले पाहिजे. जमीन सुधारली की रोग राहणारच नाही, असा त्याचा सूर होता. पुरावा म्हणून त्याने दिलेली उदाहरणे बहुतेक निरीक्षणाची होती. एका वाफ्यात कंपोस्ट, शेजारच्या वाफ्यात काही नाही आणि दोहोंत सारखाच रोग सोडला, अशी काटेकोर तुलना तेथे क्वचितच आढळते. निळीच्या रोगाबाबत त्याचे म्हणणे खरे ठरले, कारण तेथे रोगजंतू मूळ कारण नव्हताच. पण एका रोगाचे सत्य सर्व रोगांना लावणे हे शास्त्र नव्हे.

तांबेऱ्याचेच पाहा. जी बुरशी केवळ जिवंत पेशींवर जगते, तिला सशक्त व रसरशीत झाड म्हणजे मेजवानीच होय. तेथे जमिनीचा कस पिकाला वाचवीत नाही. किंबहुना नत्राचा मारा अधिक झाला तर तांबेरा अधिक भडकतो. हॉवर्ड गेला त्याच वर्षी, म्हणजे १९४६-४७ च्या हंगामात, मध्य भारतात व लगतच्या प्रदेशात तांबेऱ्याने गव्हाची दाणादाण उडवली होती. आग्र्याचे प्रा. करमचंद मेहता यांनी त्याआधीच दाखवून दिले होते की मैदानी प्रदेशातील कडक उन्हाळ्यात तांबेरा तग धरत नाही. तो हिमालय, निलगिरी, पळणी अशा थंड डोंगरांत जिवंत राहतो व दर वर्षी वाऱ्यावरून खाली येतो. शेकडो मैलांवरून येणाऱ्या या बीजाणूला खालच्या शेतकऱ्याने उकिरडा नीट राखला की नाही याच्याशी कर्तव्य नसते. १८४५ साली आयर्लंडच्या बटाट्यावर आलेल्या करप्यानेही सुपीक व नापीक जमीन असा भेद केला नव्हता. तेथील गरिबांचे पोट एकाच जातीच्या बटाट्यावर अवलंबून होते, आणि कंदापासून वाढणारे ते सर्व बटाटे अनुवंशाने एकसारखे होते. एक पडला तसे सगळे पडले.

परंतु हॉवर्डला खोटे ठरवून मोकळे होणेही तितकेच चूक आहे. १९४२ साली बंगालमधील भातावर तपकिरी ठिपक्यांचा रोग आला. १९४३ च्या दुष्काळात त्याचा वाटा मोठा होता, असे मत पुढे १९७३ साली वनस्पतिरोगतज्ज्ञ पद्मनाभन यांनी मांडले. धान्य किती पिकले यापेक्षा ते विकत घेण्याची ऐपत कोणाची नष्ट झाली हा प्रश्न महत्त्वाचा, असे अमर्त्य सेन यांनी १९८१ साली दाखवले, व अर्थशास्त्रात ते मान्यता पावले आहे. येथे लक्षात घ्यावयाचे ते इतकेच की हा तपकिरी ठिपक्यांचा रोग निकस व अन्नद्रव्यांची कमतरता असलेल्या जमिनीवरच अधिक बळावतो. भाताचा करपा याच्या उलट. नत्र अतोनात दिले की तो फैलावतो. म्हणजे दोन्ही रोगांत जमिनीच्या पोषणाचा संबंध आहेच, फक्त तो सरळ रेषेतला नाही. काही जमिनींतील सूक्ष्मजीव मर रोगाच्या बुरशीला दाबून ठेवतात, हेही आता प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. हॉवर्डच्या अनुमानात तथ्य होते. त्याने त्याला सीमा घातली नाही, हा त्याचा दोष.

बियाण्याचा विमा

बिफेनच्या वाटेने गेलेल्यांचाही प्रवास सोपा झाला नाही. बियाण्यात एक प्रतिकारक जनुक घातला की काम संपले, ही समजूत लवकरच कोसळली. अमेरिकेतील फ्लोर याने १९४० च्या दशकात जवसाच्या तांबेऱ्यावर दाखवून दिले की वनस्पतीतील प्रत्येक प्रतिकारक जनुकाला जोड देणारा एक जनुक बुरशीत असतो. बुरशीने आपला जनुक बदलला की वनस्पतीला घुसखोराची ओळख पटत नाही. कुलूप तेच राहते, चोर किल्ली बदलतो. जो वाण जितक्या मोठ्या क्षेत्रावर पसरतो, तितकी त्याची नवी किल्ली शोधून काढणाऱ्या बुरशीची चंगळ होते. १९९८-९९ साली युगांडात सापडलेल्या काळ्या तांबेऱ्याच्या नव्या प्रकाराने जगभर विसंबलेला असाच एक जनुक निकामी केला. म्हणून महाबळेश्वरला गव्हाच्या तांबेऱ्यावर, निफाडला गव्हाच्या वाणांवर किंवा पुण्याच्या आघारकर संस्थेत जे काम चालते, ते कधीच पुरे होणारे काम नाही. खानदेशात जरीला, विरनार यांसारख्या मर रोगाला तोंड देणाऱ्या कापसाच्या वाणांनी एके काळी शेतकऱ्याला सावरले. पण तेही अखेरचे उत्तर नव्हते.

येथे अर्थकारणाचा मुद्दा येतो. रोगाला तोंड देणारे बियाणे हा गरीब शेतकऱ्याचा सर्वांत स्वस्त विमा आहे. त्याला पंप लागत नाही, औषध लागत नाही, कर्जही लागत नाही. प्रतिकारशक्ती दाण्याबरोबर शेतात येते. पण हा विमा चालू ठेवण्याचा हप्ता समाजाने भरावयाचा असतो, व तो दर वर्षी भरावा लागतो. फवारणीचे औषध विकणाऱ्याला रोग परत येण्यात तोटा नाही. रोग येऊच नये यासाठी वीस वर्षे खपणाऱ्याला मात्र बाजारात गिऱ्हाईक नाही. म्हणून हे काम सार्वजनिक संस्थांचेच आहे आणि त्यांच्या अनुदानात होणारी काटकसर ही खरी काटकसर नव्हे. जमिनीच्या कसाचेही तसेच आहे. कंपोस्ट खताला पैसा कमी लागतो, पण मजुरी व धीर लागतो, आणि त्याचे फळ कित्येक वर्षांनी मिळते. ज्याला पुढील वर्षी जमीन आपल्याकडे राहील याची खात्री नाही, तो कुळवाडी किंवा खंडकरी हा धीर कशाच्या बळावर धरणार? हॉवर्डच्या ग्रंथांत मातीचे जितके चिंतन आहे, तितके मातीच्या मालकीचे नाही, ही त्यांतली मोठी उणीव आहे.

वसईपुढील प्रश्न

आता पुन्हा वसईकडे येऊ. केळीच्या मर रोगाच्या पहिल्या प्रकाराने मध्य अमेरिकेतील ग्रो मिशेल ही जात १९६० च्या सुमारास बाजारातून घालवली. आपल्याकडील रसथाळीही त्याला सहज बळी पडते. बसराई ज्या कॅव्हेंडिश वर्गात मोडते, तो वर्ग मात्र त्या प्रकाराला पुरून उरला, आणि म्हणून जगाचा केळीव्यापार त्याच्यावर उभा राहिला. पुढे आग्नेय आशियात याच बुरशीचा चौथा प्रकार फोफावला, जो कॅव्हेंडिशलाही सोडत नाही. २०१५ नंतरच्या काळात तो बिहार व उत्तर प्रदेशात आढळला आणि २०१९ साली दक्षिण अमेरिकेत कोलंबियात पोचला. केळीला बी नसते. ती मुनव्यांपासून वाढते. त्यामुळे बागेतील सर्व झाडे एका अर्थी एकच झाड असतात आणि आयर्लंडच्या बटाट्याची गोष्ट तिलाही लागू पडते. ही बुरशी एकदा जमिनीत शिरली की दशकानुदशके तेथेच राहते. तेथे केवळ कंपोस्ट खताचा भरवसा धरणे धोक्याचे आहे. निरोगी मुनवे, बाहेरून येणाऱ्या मातीवर नजर आणि प्रतिकारक्षम जातींचा शोध हाच मार्ग उरतो.

पण हा शोध कशात घ्यावयाचा? जुन्या जातींतच. ज्या राजेळीची सुकेळी करून वसईने नाव मिळवले, जी तांबडी व लोखंडी गॅझेटिअरात नोंदली गेली, त्यांत कोणत्या उद्याच्या रोगाला तोंड देणारा जनुक दडला आहे हे आधी कोणालाच सांगता येत नाही. वाडी विकली गेली, बावखल बुजले, विहिरीचे पाणी खारे झाले आणि तेथे इमारत उभी राहिली, म्हणजे केवळ एका कुटुंबाची शेती संपत नाही. पिढ्यान्‌पिढ्या बावखलाचा गाळ, पेंड व सुक्या मासळीचे खत घालून कमावलेली माती जाते आणि त्या मातीत टिकलेला वाणही जातो. हॉवर्ड ज्या दोन गोष्टींमध्ये आयुष्यभर हेलकावे खात राहिला, त्या दोन्ही एकाच खरेदीखताने नाहीशा होतात.

तरुण हॉवर्डने बीज शोधले आणि प्रौढ हॉवर्डने भूमी. दोहोंचा मेळ त्याला घालता आला नाही. तो घालणे पुढच्यांचे काम होते. नगरपालिका महानगरपालिका झाली, ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला, नकाशे व आराखडे पुनःपुन्हा आखले गेले. त्या आराखड्यांत रस्त्यांना, इमारतींना व बाजारांना जागा राखून ठेवली जाते. वसईच्या जुन्या केळींची एक राखीव वाडी, तीही जिवंत मातीत आणि सार्वजनिक खर्चाने, अशी मागणी त्यांत बसवणे मुळीच अवघड नाही. शाळा-महाविद्यालयांतील शिक्षकांनी व विद्यार्थ्यांनी ती केली, तर इंदूरच्या खड्ड्यांपाशी अर्धवट राहिलेला तो विचार एक पाऊल तरी पुढे जाईल.